राज्यघटना राखावी की नवी घडवावी?

भारताची राज्यघटना अमलात आल्यास 26 जानेवारी 2025 रोजी पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. या अवधीत ही घटना बाजूला ठेवून नवी घटना तयार करावी, ही मागणी अनेकदा आणि परस्परविरोधी गोटांतून पुढे आलेली आहे. 1976 साली आणीबाणीच्या काळात घटनेचा गाभाच बदलण्याची चर्चा सत्तेच्या वर्तुळात झाली. 2000 साली केंद्र शासनाने घटनेच्या कार्यवाहीचा फेरविचार करण्यासाठी न्यायमूर्ती एम. एन. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. 2022 साली तेलंगणाचे तत्कालीन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी नव्या घटनेची गरज बोलून दाखविली. 2023 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष बिबेक देबरॉय यांनी एका वृत्तपत्रीय लेखात तीच भूमिका मांडली. परिषदेने ते त्यांचे व्यक्तिगत मत असल्याचे जाहीर केले. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत तर हा विषय खेड्यापाड्यांतील सभांपर्यंत पोहोचला.

अशा प्रत्येक वेळी दोन सूर ऐकू येतात. घटना जुनी झाली, असे एक पक्ष म्हणतो. तिच्या एका अक्षरासही हात लावू देणार नाही, असे दुसरा म्हणतो. आमच्या वाचकांपैकी बहुसंख्य दुसऱ्या पक्षात असतील. ज्या समाजास माणूस म्हणून पहिली कायदेशीर ओळख या ग्रंथाने दिली, त्या समाजाची ही भावना स्वाभाविक आहे आणि तिचा आम्ही आदर करतो. तथापि केवळ भावनेच्या बळावर वाद जिंकता येत नाही. प्रश्नाचे घटक वेगळे करून पाहिल्यास घटना राखण्याची बाजू अधिक भक्कम होते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दुरुस्ती आणि बदल

प्रथम दुरुस्ती आणि बदल यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. घटनेच्या 368 व्या कलमाने संसदेस दुरुस्तीचा अधिकार दिला आहे. 2023 अखेरपर्यंत 106 घटनादुरुस्त्या झाल्या. ‘एक अक्षरही बदलू नये’ असे म्हणणाऱ्यांनी त्यांपैकी काहींचे स्मरण ठेवावे. 1951 साली चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्रास प्रांतातील शैक्षणिक जागांच्या जातवार वाटपाचा आदेश रद्द ठरविला. त्यानंतर पहिल्या घटनादुरुस्तीने 15 व्या कलमास चौथे उपकलम जोडले गेले आणि मागासवर्गीयांसाठी शिक्षणात विशेष तरतूद करण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर केंद्रीय कायदामंत्री होते. 1992 च्या 73 व्या आणि 74 व्या दुरुस्त्यांनी ग्रामपंचायतीपासून नगरपालिकेपर्यंत स्त्रियांस व अनुसूचित जाती-जमातींस राखीव जागा मिळाल्या. म्हणजे आज ज्या अधिकारांचे आपण रक्षण करू पाहतो, त्यांतील काही दुरुस्तीनेच मिळालेले आहेत.

दुरुस्तीचा दुरुपयोगही झाला. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत सहा वर्षांची केली आणि घटनादुरुस्तीस कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, अशी तरतूद केली. मुदत 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने पूर्ववत पाच वर्षे झाली. न्यायालयाचे दार बंद करणारी तरतूद 1980 साली मिनर्व्हा मिल्स खटल्यात रद्द ठरली. त्यामागे 24 एप्रिल 1973 चा केशवानंद भारती खटल्याचा निर्णय होता. तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा मतांनी निर्णय दिला की, संसद घटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करू शकते, परंतु तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. सारांश, घर दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेस आहे. घर पाडण्याचा नाही. नवी घटना करावयाची तर त्यासाठी नव्या घटना समितीसारखा निराळाच मार्ग काढावा लागेल, आणि त्याची तरतूद विद्यमान घटनेत कोठेही नाही.

नव्या घटनेच्या बाजूचे युक्तिवाद

प्रतिपक्षाचे म्हणणे नीट मांडल्याखेरीज त्याचे उत्तर देता येत नाही. त्यांचे प्रमुख मुद्दे तीन आहेत.

पहिला मुद्दा पिढ्यांचा. एका पिढीने पुढच्या पिढीस बांधून ठेवू नये, हा विचार अमेरिकेचे थॉमस जेफर्सन यांनी 1789 साली मांडला आणि एका पिढीचा काळ त्यांनी सुमारे 19 वर्षांचा धरला. जगातील लिखित घटनांचे सरासरी आयुष्य तेवढेच असल्याचे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातही दिसून आले. दुसरा मुद्दा घटना समितीच्या स्वरूपाचा. ती प्रौढ मताधिकाराने निवडलेली नव्हती. मर्यादित मताधिकारावर निवडून आलेल्या प्रांतिक विधिमंडळांनी तिचे सदस्य निवडले होते. तिसरा मुद्दा उसनवारीचा. घटनेचा मोठा भाग 1935 च्या भारत सरकार कायद्यातून घेतलेला आहे.

या आक्षेपांत नवीन काही नाही. हे सारे घटना समितीतच उपस्थित झाले होते आणि बाबासाहेबांनी त्यांची उत्तरे दिली होती. उसनवारीविषयी 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात ते म्हणाले की, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. राज्यघटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाची मालकी नसते. प्रशासनाचे तपशील घटनेत का घातले, हेही त्यांनी तेथेच स्पष्ट केले. घटनात्मक नीती ही निसर्गतः येत नाही, ती अंगी बाणवावी लागते, आणि भारताच्या भूमीत लोकशाही अजून वरवरचीच आहे. म्हणून हे तपशील विधिमंडळांच्या हाती सोपविणे त्यांस सुरक्षित वाटले नाही.

पिढ्यांचा मुद्दा तर त्यांनी स्वतःच मांडला. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात जेफर्सनचे मत उद्धृत करून ते त्यांनी मान्य केले, आणि त्याच आधारे सांगितले की, भावी पिढ्यांस बांधून टाकावयाचे नाही म्हणूनच दुरुस्तीची पद्धत सोपी ठेवली आहे. काही कलमांसाठी राज्यांची संमती लागते. इतरत्र सभागृहाच्या एकूण सदस्यांचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश मत पुरते. प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या संसदेत ज्यांस एवढेही मत मिळविता येत नाही, त्यांचा असंतोष हा सर्व जनतेचा असंतोष मानता येणार नाही, असे त्यांचे उत्तर होते. सदस्यांच्या निवडीविषयीच्या दुसऱ्या आक्षेपासही येथे उत्तर मिळते. समिती मर्यादित मतांवर निवडली गेली हे खरे. परंतु 1952 पासून प्रत्येक संसद प्रौढ मताधिकाराने आली आणि प्रत्येकीच्या हाती दुरुस्तीचा अधिकार होता. चौकट टाकून देण्याचा कौल मतदारांनी कोणत्याही संसदेस दिला नाही.

राहिला सरासरीचा मुद्दा. एखाद्या गावातील मृतांचे सरासरी वय काढून धडधाकट माणसाने कधी मरावे हे ठरविता येत नाही. अनेक देशांच्या घटना अल्पायुषी ठरल्या, कारण त्या लष्करी बंडांत किंवा हुकूमशहांच्या मर्जीने गेल्या. ती सरासरी अनुकरणाची नव्हे, सावधगिरीची गोष्ट होय.

1953 आणि 1955 चे उद्गार

नव्या घटनेचे समर्थक आणखी एक आधार देतात, आणि तो आमच्या वाचकांस सर्वांत अडचणीचा वाटतो. ही घटना जाळणारा पहिला मनुष्य मी असेन, असे बाबासाहेब स्वतः राज्यसभेत म्हणाले होते. हे उद्गार खरे आहेत. ते टाळण्यापेक्षा त्यांचा संदर्भ समजून घेणे श्रेयस्कर.

2 सप्टेंबर 1953 रोजी आंध्र राज्याच्या निर्मितीच्या विधेयकावर चर्चा चालू होती. भाषावार राज्यांत जे अल्पसंख्य ठरतील त्यांच्या रक्षणासाठी राज्यपालांस विशेष अधिकार असावेत, असा बाबासाहेबांचा आग्रह होता. घटना तुम्हीच केली, असे त्यांस सुनावण्यात आले, तेव्हा ते उद्गार निघाले. मात्र ते तेथेच थांबले नाहीत. देश चालवावयाचा तर बहुसंख्य आणि अल्पसंख्य दोन्ही आहेत याचा विसर पडता कामा नये. अल्पसंख्यांस दुखविण्यानेच सर्वांत मोठी हानी होईल, असे त्यांनी पुढे सांगितले. म्हणजे क्रोधाचे कारण घटनेतील संरक्षण जास्त झाले हे नव्हते. ते अपुरे पडते आहे, हे होते.

19 मार्च 1955 रोजी, संपत्तीच्या हक्कासंबंधीच्या चौथ्या घटनादुरुस्ती विधेयकाच्या चर्चेत त्यांस त्या उद्गारांचे स्मरण करून देण्यात आले. तेव्हा त्यांनी मंदिराचा दृष्टान्त दिला. देवाच्या निवासासाठी आम्ही मंदिर बांधले, परंतु देवाची प्रतिष्ठापना होण्यापूर्वीच त्यात असुर शिरले; मग मंदिर मोडण्यावाचून दुसरे काय करणार? मंदिर कशाला मोडता, असुरांनाच घालवा, असे एका सदस्याने सुचविले. आपणांत तेवढे सामर्थ्य नाही, असे विषण्ण उत्तर बाबासाहेबांनी दिले.

या दृष्टान्तात बांधणीस दोष दिलेला नाही. दोष आहे तो आत शिरलेल्यांचा, आणि त्यांस बाहेर काढू न शकणाऱ्या समाजाचा. घटना कितीही चांगली असली तरी ती राबविणारे वाईट असतील तर ती वाईटच ठरेल, हा 1949 चा त्यांचा इशारा सहा वर्षांत खरा होताना ते पाहत होते. 27 जानेवारी 2000 रोजी घटनेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी हाच प्रश्न पुन्हा विचारला : घटनेने आपणांस निराश केले, की आपण घटनेस? त्यांच्या पुढ्यात त्या वेळी फेरविचार आयोगाचा बेत होता. पुढे नेमलेल्या त्या आयोगास मूलभूत चौकटीत हस्तक्षेप न करण्याची मर्यादा घालून देण्यात आली आणि 2002 साली त्याने अहवाल सादर केला.

विनयपिटकातील दोन प्रसंग

25 नोव्हेंबर 1949 च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी सभागृहास भिक्खुसंघाचे स्मरण दिले होते. आसनव्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, शलाकांनी मतदान हे सारे संघास ज्ञात होते, असे त्यांनी दाखविले. नियम कसा बदलावा आणि केव्हा बदलू नये, यावरही विनयपिटकात विचार आहे. त्यातील दोन प्रसंग आमच्या विषयास थेट लागू पडतात.

पहिला प्रसंग महावग्गातील चम्मक्खन्धकाचा. अवंति-दक्षिणापथात भिक्खू विरळ होते. उपसंपदेस दहा भिक्खूंचा संघ लागे. तो जमविण्यास महाकच्चान थेरांस तीन वर्षे लागली, तेव्हा सोण कुटिकण्णाची उपसंपदा झाली. सोण श्रावस्तीस गेला आणि त्याने उपाध्यायांच्या वतीने पाच विनंत्या केल्या. तेथील भूमी काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली आहे, म्हणून जाड तळव्याच्या वहाणांची अनुज्ञा असावी, ही त्यांतील एक होती. भगवंतांनी विनंत्या मान्य केल्या. सीमाप्रदेशात पाच भिक्खूंच्या संघाने उपसंपदा द्यावी, मात्र पाचवा विनयधर असावा, असे ठरविले. दूरच्यांची अडचण ऐकून नियम सैल झाला, संख्या घटली. संघाची संमती आणि विनयाचा जाणता ही दोन अंगे राहिली. आदर्श दुरुस्ती ती हीच.

दुसरा प्रसंग चुल्लवग्गातील राजगृहाच्या पहिल्या संगीतीचा. आपल्या पश्चात संघाची इच्छा असल्यास त्याने क्षुद्र व अनुक्षुद्र नियम काढून टाकावेत, असे भगवंतांनी परिनिर्वाणापूर्वी सांगितले होते, असे आनंदाने संगीतीत निवेदन केले. क्षुद्र नियम कोणते, हे मात्र त्याने विचारले नव्हते. थेरांत मतभेद झाला. चार पाराजिक सोडून बाकी सारे क्षुद्र, असे काहींचे मत पडले. काहींनी त्यांत तेरा संघादिसेसांची भर घालून उरलेले क्षुद्र मानले. याप्रमाणे मते वाढत गेली. अखेर महाकस्सपांनी ज्ञप्ती मांडली की, जे घातले नाही ते घालू नये, जे घातले आहे ते मोडू नये. गृहस्थांसही हे नियम ठाऊक आहेत. आज ते मोडले तर शास्त्याच्या चितेचा धूर होता तोवरच यांनी नियम पाळले, असे लोक म्हणतील, हे कारण त्यांनी दिले. संघाने ते मान्य केले.

येथे अधिकार नव्हता असे नाही; शास्त्याची अनुज्ञाच होती. तरीही मूळ काय आणि किरकोळ काय यावर एकमत नसताना मोडतोड करू नये, हा विवेक संघाने दाखविला. आज एकास धर्मनिरपेक्षता किरकोळ वाटते, दुसऱ्यास संघराज्य, तिसऱ्यास आरक्षण. ज्या देशात हे मतभेद इतके खोल आहेत तेथे कोऱ्या कागदापासून आरंभ करणे म्हणजे पाराजिकासही मतास टाकणे होय.

इतर देशांचा अनुभव

घटना बदलणे सर्वत्र आणि सर्वदा अनिष्ट, असे आमचे म्हणणे नाही. दक्षिण आफ्रिकेने वर्णभेदाची घटना टाकली आणि ते योग्यच केले. परंतु ते करताना 34 तत्त्वे अगोदर सर्वांच्या वाटाघाटीने ठरली. 1994 साली सर्व वर्णांच्या मताधिकाराने सभा निवडली गेली. तिने केलेला मसुदा त्या तत्त्वांशी जुळतो की नाही, हे घटना न्यायालयाने तपासले. सप्टेंबर 1996 मध्ये तो एकदा परत पाठविला आणि सुधारणेनंतर डिसेंबरमध्ये मान्य केला.

चिलीत 2020 साली 78 टक्के मतदारांनी नवी घटना हवी असा कौल दिला. पण 2022 साली एक मसुदा आणि 2023 साली दुसरा मसुदा त्याच मतदारांनी फेटाळला. एक मसुदा डाव्या बाजूस झुकलेला, दुसरा उजव्या बाजूस. जुने नको यावर एकमत होणे सोपे असते, नवे काय यावर होत नाही.

श्रीलंकेचा अनुभव बौद्ध म्हणून आपण विशेष मनन करावा असा आहे. 1947 च्या सोलबरी घटनेतील 29 व्या कलमाने कोणत्याही एका जमातीवर किंवा धर्मावर इतरांवर नाहीत अशी बंधने घालणारा, अथवा इतरांस नाहीत अशा सवलती देणारा कायदा करण्यास मनाई केली होती. वसाहतकालीन म्हणून ती घटना 1972 साली टाकण्यात आली. बौद्ध धम्मास अग्रस्थान आणि सिंहलीस राजभाषेचे स्थान नव्या घटनेत आले. 29 व्या कलमातील ते संरक्षण मात्र गेले. तमिळांचा फेडरल पक्ष 1971 मध्येच घटना समितीतून बाहेर पडला होता, तरी काम थांबले नाही. 1977 च्या निवडणुकीत दुसऱ्या पक्षास पाच-षष्ठांश जागा मिळाल्या आणि 1978 साली पुन्हा नवी घटना झाली. 1983 पासून 2009 पर्यंत त्या बेटावर जे युद्ध पेटले, त्याची कारणे अनेक आहेत. परंतु अल्पसंख्यांच्या संमतीवाचून घटना लिहिली गेली, हे त्यांतील एक. तेथे बहुसंख्य बौद्ध होते, म्हणून हा दोष लहान होत नाही. भारतात आपण अल्पसंख्य आहोत. दोन्ही ठिकाणी एकच माप लावणे हाच न्याय.

तीन कसोट्या

या विवेचनातून तीन कसोट्या निघतात. घटना बदलण्याचा प्रस्ताव कोणाकडूनही येवो, तो या कसोट्यांवर घासून पाहावा.

दोष मजकुरात आहे की राबविण्यात, ही पहिली कसोटी. मूळ 45 व्या कलमाने दहा वर्षांत, म्हणजे 1960 पर्यंत, चौदा वर्षे वयापर्यंतच्या मुलांस मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे सांगितले. तो हक्क म्हणून घटनेत यावयास 2002 ची 86 वी दुरुस्ती आणि प्रत्यक्षात यावयास 2010 साल उजाडले. 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. तरी हाताने मैला उपसण्याविरुद्ध 1993 साली आणि पुन्हा 2013 साली कायदा करावा लागला, आणि गटारात उतरलेल्या कामगारांच्या मृत्यूंच्या वार्ता त्यानंतरही येत राहिल्या. नवी घटना हे कलम यापेक्षा स्पष्ट शब्दांत लिहू शकेल काय?

जे काढावयाचे ते मूळ आहे की किरकोळ, आणि ते ठरविण्याविषयी एकमत आहे काय, ही दुसरी कसोटी. नसेल तर राजगृहाचा निर्णय पुरेसा मार्गदर्शक आहे.

सर्वांत दुर्बळ घटकाची संमती आहे काय, ही तिसरी. अवंति-दक्षिणापथाच्या दूरच्या भिक्खूंसाठी नियम बदलला, तेव्हा मागणी त्यांचीच होती. ज्यांचे संरक्षण जावयाचे त्यांनी न मागितलेला बदल हा सुधार नव्हे.

या तीन कसोट्यांवर भारतीय राज्यघटना टाकून देण्याचा एकही प्रस्ताव आजवर उतरलेला नाही, असे आमचे मत आहे. दुरुस्त्यांची गरज मात्र आहे, पुढेही राहील, आणि त्या सुचविण्याचा हक्क आपलाही आहे. घटनेस पूजेचा ग्रंथ करून बंदिस्त ठेवणे हे विभूतिपूजेविषयीच्या बाबासाहेबांच्याच इशाऱ्याविरुद्ध जाईल.

3 ऑक्टोबर 1954 रोजी आकाशवाणीवरील भाषणात बाबासाहेबांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, आपले शास्ते भगवान बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली. स्वातंत्र्य व समता यांचे खरे रक्षण कायदा करू शकत नाही, ते बंधुताच करू शकते, असे त्यांनी सांगितले. दोनच वर्षांनी नागपूरची धम्मदीक्षा झाली. 1955 च्या दृष्टान्तातील मंदिर त्यांनी पाडले नाही. असुरांस घालविण्याचे जे सामर्थ्य समाजात नाही असे ते म्हणाले होते, ते निर्माण करण्याचा मार्ग त्यांनी धरला, अशी आमची धारणा आहे.

वर्षावासात आपल्या विहारांतून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. त्याच तीन महिन्यांत 4 नोव्हेंबर 1948 आणि 25 नोव्हेंबर 1949 ही दोन भाषणे आणि राज्यघटनेचा तिसरा भाग, म्हणजे मूलभूत हक्कांची कलमे, मराठीतून वाचून त्यांवर चर्चा व्हावी, अशी आमची सूचना आहे. वाद पुढच्या वेळी गावच्या चावडीवर येईल तेव्हा उत्तर देणाऱ्यास कलमे ठाऊक असावीत.